परीक्षानळी : गोल न करणाऱ्याचा हिशेब



गेल्या अंकात आम्ही इथल्या थंडीत न लागणाऱ्या दह्यावर लिहिलं होतं. या वेळचा विषय मैदानावरचा. मंडळाच्या मुलांच्या फुटबॉल सामन्यांत यंदा दोनच बक्षिसं ठेवायची असं कार्यकारिणीत घाटतंय: एक सर्वाधिक गोल करणाऱ्याला, दुसरं उत्तम गोलरक्षकाला. मधल्या फळीत उभा सामना धावणाऱ्या पोरांना काही नाही. का, तर "त्यांचं मोजणार काय?" मोजणं हा तर आमचा पोटापाण्याचा उद्योग. तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मंडळींना बापू नाडकर्णी वेगळे सांगायला नकोत. जानेवारी १९६४, मद्रास कसोटी, समोर इंग्लंड: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. धावफलकावर निर्धाव षटकांचा रकाना होता म्हणून ती मेहनत आजही सांगता येते. नुसता बळींचाच रकाना असता तर उरला असता भोपळा. फुटबॉलच्या फलकावर मात्र वर्षानुवर्षं गोल आणि गोल करणाऱ्याचं नाव, एवढंच.

आता एनगोलो कांटेचं उदाहरण घ्या. मालीहून पॅरिसला आलेल्या आईवडिलांचा मुलगा, उंची साडेपाच फुटांच्या आसपास. २०१५ साली लेस्टर सिटीने त्याला नॉर्मंडीतल्या एका क्लबातून आणलं, तेव्हा इथे फारसं कुणी त्याला ओळखत नव्हतं. २०१५-१६ च्या हंगामात लेस्टर प्रीमियर लीगचं विजेतं ठरलं. कांटेचा त्या लीगमध्ये गोल किती? एक! पण दुसरा रकाना पाहा. ३७ सामन्यांत १७५ टॅकल आणि प्रतिस्पर्ध्याचे मध्येच अडवलेले दीडशेहून अधिक पास. दोन्ही मिळून सामन्यामागे जवळजवळ नऊ, म्हणजे साधारण दर दहा मिनिटांनी एकदा त्याने समोरच्यांचा डाव मोडला.

पुढच्या वर्षी तर आम्हा रसायनवाल्यांना हवा तसा प्रयोगच घडला. २०१६ च्या उन्हाळ्यात कांटे चेल्सीकडे गेला. लेस्टरचे गुण ८१ वरून ४४ वर आले. चेल्सीचे ५० होते, ते ९३ झाले आणि चेल्सी विजेतं ठरलं. म्हणजे सगळी करामत एकट्या कांटेची? थांबा. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलायचा असतो, आणि इथे तर बरेच बदलले. चेल्सीला अँटोनियो कॉन्टे हे नवे प्रशिक्षक मिळाले, शिवाय त्या वर्षी त्यांना युरोपातले सामने नव्हते. लेस्टरला उलट चॅम्पियन्स लीगची जादा दगदग होती. तेव्हा हे आकडे म्हणजे पुरावा नव्हे, भक्कम संशय म्हणू. पण त्या संशयामुळे माणूस नीट पाहू लागतो, हेही थोडं नाही.

आणखी एक खाच आहे. लेस्टरकडे चेंडू निम्म्याहून कमी वेळ असे. ज्याच्या संघाकडे चेंडू नसतो, त्याला तो हिसकावायची संधी जास्त. चेल्सीत गेल्यावर कांटेच्या टॅकलचा आकडा खाली आला, तरी २०१७ साली व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने वर्षातला उत्कृष्ट खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं. म्हणून नुसती बेरीज करू नये, भागाकारही करावा. समजा, दोन मुलांनी चार-चार वेळा चेंडू हिसकावला. पहिल्याच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांकडे चेंडू चाळीस मिनिटं होता, दुसऱ्याच्या सामन्यात वीस. पहिल्याने दहा मिनिटांत एकदा, तर दुसऱ्याने पाच मिनिटांत एकदा हिसकावला. आकडा तोच, काम दुप्पट.

आमच्या व्यवसायातही हा अन्याय ठाऊक आहे. अमोनिया बनवताना लोखंडाचा उत्प्रेरक लागतो. तयार मालात त्याचा कणही नसतो, पण तो काढून घ्या, मग कारखाना किती चालतो ते बघा.

तर आमची सूचना अशी. प्रत्येक मधल्या फळीतल्या मुलामागे एका पालकाने कागद-पेन्सिल घेऊन उभं राहावं. मूल आपलं नसावं, ही अट! खुणा तीनच करायच्या: चेंडू मिळवला, मिळवल्यावर पुढचा पास आपल्याच गड्याला दिला, चेंडू घालवला. मूल किती मिनिटं खेळलं ते वर लिहायचं. प्रतिस्पर्ध्यांकडे चेंडू किती वेळ होता, हे एक जण घड्याळ लावून मोजेल. एका सामन्यावरून निकाल देऊ नका. एका थेंबावरून कुणी अनुमापन करत नाही. हंगामाचे सगळे सामने झाले की भागाकार आम्ही करू.

आकड्यांतही सगळं सापडणार नाही. योग्य जागी नुसतं उभं राहून पास होऊच न देणाऱ्या मुलाच्या नावापुढे आमच्या कागदावर खूण पडत नाही. ते डोळ्यांनीच पाहावं लागेल.

बक्षिसाचा प्रश्न लहान वाटेल. पण तेरा-चौदा वर्षांच्या पोराला दर रविवारी गाडीत बसताच "गोल केलास का?" एवढंच विचारलं, तर दोन हंगामांत ते बूट कपाटात टाकतं. आपल्यातल्या दोन-तीन घरांत तसं झालेलं आहे. त्याऐवजी "आज किती वेळा चेंडू परत मिळवलास?" असं विचारून पाहा. उत्तर लांबलचक येईल, घर येईपर्यंत पुरेल.

छापील तक्ते आमच्याकडे तयार आहेत. पेन्सिली आपापल्या आणाव्यात.