डब्याची जुनी ओळख

डालड्याच्या रिकाम्या डब्यात तुळस लावणारी आपली पिढी. चांगला डबा टाकून देणे आपल्या हाताला जमत नाही. पुढे पत्र्याच्या डब्यांची जागा प्लास्टिकच्या बरण्यांनी आणि बाटल्यांनी घेतली; सवय मात्र तीच राहिली. ती चांगलीच आहे. कचरा कमी होतो, पैसा वाचतो, घर नीटनेटके राहते. तरीही डॉक्टर म्हणून या सवयीला मला एक अट घालावीशी वाटते.

काही वर्षांपूर्वी, दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत, 74 वर्षांच्या एका आजोबांना पहाटे माझ्याकडे आणले. शौचालय धुण्याचे सुटे ॲसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीजवळ ठेवलेले होते. रात्री गोळी घेण्यासाठी आजोबा उठले. दिवा न लावताच हाताला लागलेली बाटली त्यांनी तोंडाला लावली. एकच घोट! तातडीने रुग्णालयात हलवल्यामुळे जीव वाचला. पण अन्ननलिका आक्रसली. ती रुंद करून घेण्यासाठी त्यांना वारंवार रुग्णालयात जावे लागले आणि कित्येक महिने पेजेवर काढावे लागले. सूनबाई आजही स्वतःला दोष देतात.

आजोबांची यात काय चूक होती? पाण्याच्या बाटलीत पाणी असते, हेच त्यांना आयुष्याने शिकवले होते. डबा रिकामा झाला तरी त्याची जुनी ओळख आपल्या हाताच्या आणि डोळ्यांच्या लक्षात राहते. मोतीबिंदू, विसराळूपणा किंवा अर्धवट झोप असेल, तेव्हा माणूस त्या ओळखीवरच विसंबतो. त्या दिवशी घरी परतल्यावर मी आमच्या न्हाणीघराची फळी तपासली. सरबताच्या बाटलीत फिनेल होते.

म्हणून पहिला नियम असा : खाण्यापिण्याच्या डब्यात किंवा बाटलीत ॲसिड, फिनेल, रॉकेल, कीटकनाशक कधीही भरू नये. अशा वस्तू मूळ बाटलीत, मूळ लेबलासह आणि स्वयंपाकघराबाहेर ठेवाव्यात. याच्या उलटही तितकेच खरे. साबणाच्या किंवा रसायनाच्या डब्यात, तो कितीही घासला तरी, धान्य भरू नये.

खाऊच्या पारदर्शक बरण्या डाळी, कडधान्ये, सुकामेवा यांसाठी उत्तम. मात्र त्यांत गरम तूप, कढत आमटी किंवा लोणचे भरू नये. थंड पेयांच्या बाटल्यांचे प्लास्टिक सुमारे 70 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. त्यामुळे त्यांत उकळते पाणी ओतू नये. लोणच्याला आपली चिनी मातीची बरणीच बरी.

औषधांच्या गोळ्या सुट्या करून बरणीत साठवू नयेत. पाकिटासह ठेवल्या, तरच नाव आणि मुदत कळते. आइस्क्रीमच्या चौकोनी डब्यात सकाळची आणि रात्रीची पाकिटे वेगवेगळी ठेवता येतात. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर कपडे धुण्याच्या द्रवाची जाड बाटली फार उपयोगाची. तिचे जुने लेबल काढून ‘वापरलेल्या सुया’ असे ठळक लिहावे आणि घट्ट टोपण लावून ती मुलांपासून दूर ठेवावी. बाटली काठोकाठ भरण्याआधीच तिची विल्हेवाट कशी लावायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. कचरा उचलणाऱ्यांच्या हातांना सुया टोचणे त्यामुळे टळते.

प्रत्येक डब्यावर पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने मोठ्या अक्षरांत नाव लिहावे. ते झाकणावर लिहू नये, डब्याच्या अंगावर लिहावे; कारण झाकणांची अदलाबदल होते. पिठीसाखर आणि धुण्याचा सोडा दिसायला सारखेच. संधिवाताने बोटे आखडली असतील, तर रुंद तोंडाच्या, सहज फिरणाऱ्या झाकणाच्या बरण्या निवडाव्यात. रोजचे डबे कंबर ते खांदा या उंचीतच असावेत. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढताना मोडलेली खुब्याची हाडे मी पाहिली आहेत.

एवढे करूनही कोणी चुकून ॲसिड किंवा रॉकेल प्यायले, तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. वर येताना तोच पदार्थ पुन्हा भाजतो, किंवा फुप्फुसात जातो. शुद्ध असल्यास चूळ भरायला लावावी, 108 वर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती बाटली सोबत न्यावी.

आज दिवेलागणीला घरातल्या सगळ्या फळ्यांवरून एकदा नजर फिरवा. मग घरातील ज्येष्ठांना चष्म्याशिवाय डब्यांवरची नावे वाचायला सांगा. जे नाव त्यांना वाचता येणार नाही, ते तेवढ्यातच मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहून टाका.