शिट्टी हातात आल्यावर

फिलिपीन्स या देशाविषयी मला फारसे काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मनिलात महंमद अली आणि जो फ्रेझर यांची गाजलेली लढत झाली, आणि इमेल्डा मार्कोसबाईंकडे मोजता न येण्याइतके चपलांचे जोड होते, एवढ्यावर आमच्या पिढीचे ज्ञान संपत असे. डिसेंबर २००० मध्ये मात्र वर्तमानपत्राच्या परदेशी पानावरच्या एका बातमीपाशी मी थबकलो. मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो आणि बातमीही एका बँक अधिकारी बाईंची होती. त्यांचे नाव क्लॅरिसा ओकाम्पो. इक्विटेबल पीसीआय बँकेतल्या या वरिष्ठ अधिकारी बाईंनी सेनेटपुढे शपथेवर सांगितले, की राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्ट्राडा यांनी बँकेच्या कागदांवर ‘होसे वेलार्दे’ या भलत्याच नावाने सही केली, तेव्हा आपण त्यांच्यापासून एका फुटावर होतो.

एक फूट! ज्याने काउंटरच्या आतल्या बाजूला आयुष्य काढले आहे, त्यालाच या एका फुटाचे मोल कळेल.

एस्ट्राडा मूळचे सिनेनट. १९९८ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि दोनच वर्षांत भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून त्यांच्यावर महाभियोग आला. तिथल्या पद्धतीप्रमाणे सेनेट हेच न्यायालय आणि सेनेटर हेच न्यायाधीश. १६ जानेवारी २००१ रोजी बँकेकडून आलेला एक दुसरा लखोटा उघडायचा की नाही, यावर मतदान झाले. उघडू नये म्हणणारे अकरा, उघडावा म्हणणारे दहा. त्या अकरा जणांत एक नाव रॉबर्ट जावोर्स्की असे होते आणि त्यापुढे ‘माजी बास्केटबॉलपटू व प्रशिक्षक’ असे लिहिलेले होते.

नाव पोलंडचे, माणूस फिलिपीन्सचा, धंदा बास्केटबॉलचा आणि काम न्यायाधीशाचे! हा माणूस माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. २०२५ मध्ये उपराष्ट्राध्यक्षा सारा दुतेर्ते यांच्यावरचा महाभियोग त्याच सेनेटपुढे आला आणि जुलैत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. त्या बातम्या वाचताना जावोर्स्की पुन्हा आठवला. आपल्याकडेही मैदानावरून थेट संसदेत जाणाऱ्यांची रांग काही थांबलेली नाही, तेव्हा त्याची गोष्ट आपणही वाचायला हरकत नाही.

आपल्याकडे क्रिकेट तसे तिकडे बास्केटबॉल. अमेरिकनांनी हा खेळ तिथे नेला आणि लोकांनी तो इतका आपला केला, की १९५४ च्या जागतिक स्पर्धेत या देशाने कांस्यपदक मिळवले. गल्लीबोळांतून लाकडी फळीला लोखंडी कडे ठोकून पोरे दिवसभर खेळत असतात. जावोर्स्की १९४६ साली बागिओ या डोंगरी गावात जन्मला. वडील पोलिश वंशाचे अमेरिकन, आई तिथलीच. उंचापुरा, धिप्पाड, आणि जातिवंत भांडखोर. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तो देशाकडून खेळला.

आणि १९७१ मध्ये, तो मेराल्को या वीज कंपनीच्या संघात असताना, सामना चालू असता त्याने व त्याच्या एका सहकाऱ्याने पंचांना मारले. शिवीगाळ नव्हे, धक्काबुक्की नव्हे, चांगलेच मारले. दोघांवर आजन्म बंदी आली. हे ‘आजन्म’ दोन वर्षांतच संपले, कारण १९७३ ची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा मनिलातच होती आणि खेळाडू तर हवे होते. बंदी उठली, फिलिपीन्सने ती स्पर्धा जिंकली आणि लोक सारे विसरले. मला वाटते, या माणसाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा धडा हाच असावा आणि तो त्याला नेमका चुकीचा मिळाला.

१९७५ मध्ये पीबीए ही आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल संघटना सुरू झाली. तिथले संघ गावांचे नसतात, कंपन्यांचे असतात. आमच्या उमेदीच्या काळात बँकांचे आणि गिरण्यांचे क्रिकेट संघ असत, तसाच तो प्रकार. फरक इतकाच, की तिथे त्या कंपनीच्या नावाने सारा देश दोन तट पडून भांडे. जावोर्स्की टोयोटाचा, आणि समोर कापड कंपनीचा क्रिस्पा. हे वैर इतके विकोपाला गेले, की १९७७ मध्ये एका सामन्यानंतर हाणामारी झाली तेव्हा दोन्ही संघांच्या खेळाडूंना एक रात्र लष्करी तळावर कोठडीत काढावी लागली. देशात तेव्हा मार्कोस यांचा मार्शल लॉ होता. दुसऱ्याच वर्षी जावोर्स्की मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

१९८४ मध्ये टोयोटाने संघ मोडून दुसऱ्या कंपनीला विकला. खेळाडूही टेबल-खुर्च्यांसारखे मालाबरोबर गेले. जावोर्स्की गेला नाही. तो एका जिन कंपनीच्या संघात आला आणि १९८५ पासून त्या संघाचा खेळाडूही तोच आणि प्रशिक्षकही तोच झाला. हिनेब्रा म्हणजे जिनच. मालकांनी पुढे रमचे, मग दुसऱ्या जिनचे नाव संघाला दिले. चाहत्यांना त्याचे काही नव्हते. दारू बदलली तरी जावोर्स्की तोच होता!

या काळाची एक गोष्ट तिथे आजही सांगतात. १९८५ मध्ये एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याचे कोपर तोंडावर बसून त्याचा ओठ फाटला. तो रुग्णालयात गेला, नऊ टाके घालून घेतले, आणि सामना संपण्याच्या आत परत आला. संघ मागे पडला होता. टाके घातलेला माणूस बाकावरून उठून मैदानात उतरताच सगळे वारे फिरले आणि तो सामना त्यांनी जिंकला. कधीही हार मानायची नाही, हे त्या संघाचे ब्रीद तिथूनच रूढ झाले. १९९१ मध्ये अंतिम फेरीत एकास तीन असे पिछाडीवर असताना त्यांनी ओळीने तीन सामने जिंकून चषक नेला. शेवटची बास्केट पडली तेव्हा एखादाच सेकंद उरला होता.

त्याच्या स्वभावाची दुसरीही बाजू होती. टोयोटा मोडल्यापासून रामोन फर्नांडेझ या जुन्या साथीदाराशी त्याचे बोलणे बंद होते. १९८९ च्या ऑल-स्टार सामन्यात वृद्ध प्रशिक्षक बेबी डालुपान यांनी दोघांना एकाच संघात खेळवले. शेवटच्या क्षणी रेषेबाहेरून चेंडू आत द्यायचा होता. जावोर्स्कीने तो फर्नांडेझला दिला, फर्नांडेझने बास्केट केली, सामना जिंकला, आणि मग दोघांनी हात मिळवले. पीबीएत त्याच्याइतके ‘असिस्ट’, म्हणजे दुसऱ्याच्या बास्केटसाठी दिलेले पास, कोणाच्याही नावावर नाहीत. त्याच्यातल्या दांडगटाविषयी पुष्कळ लिहिले जाते. या आकड्याविषयी कमी लिहिले जाते.

पण पंच! १९९० च्या अंतिम फेरीत सहाव्या सामन्यात पंचांचा निर्णय पटला नाही म्हणून त्याने आपला संघच मैदानाबाहेर काढला. सामना आणि अजिंक्यपद न खेळताच समोरच्याला गेले. शिक्षा झाली? दंड झाला खरा. पण त्याच वर्षी बीजिंगच्या आशियाई खेळांत देशाच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून हाच गेला आणि रौप्यपदक घेऊन आला. रुसलेला फर्नांडेझही त्या संघात होता. पन्नाशी उलटल्यावरही तो अधूनमधून मैदानात उतरे. १९९८ मध्ये एस्ट्राडांच्या आघाडीतर्फे तो सेनेटवर निवडून आला, यात नवल ते काय?

नवल पुढे आहे. ज्याने जन्मभर पंचांच्या शिट्टीशी भांडण केले, त्याच्याच हातात २००१ मध्ये शिट्टी आली. त्या अकरा जणांचे म्हणणे कायद्याच्या अंगाने अगदीच टाकाऊ नव्हते. लखोट्यातला विषय मूळ आरोपपत्रात नाही, असे ते सांगत होते. पण कर्णधाराचा धर्म एक आणि पंचाचा दुसरा. आपल्या माणसाला सोडायचे नाही, याच गुणावर जावोर्स्कीने तीस वर्षे टाळ्या घेतल्या होत्या. त्या दिवशीही त्याने आपल्या संघाला सोडले नाही. या वेळी मैदान सोडून गेले ते फिर्यादी पक्षाचे वकील. लोक रस्त्यावर आले आणि चार दिवसांत एस्ट्राडांना राजवाडा सोडावा लागला.

गंमत पुढेच आहे. फेब्रुवारीत तो लखोटा उघडला, तर आतल्या कागदांवर खातेदार म्हणून एस्ट्राडांच्या एका उद्योगपती मित्राचे नाव! २००७ मध्ये न्यायालयाने मात्र वेलार्दे म्हणजे एस्ट्राडाच असे ठरवून त्यांना दोषी धरले, आणि दीड महिन्यात त्यांना माफीही मिळाली. जावोर्स्की २००४ ची निवडणूक हरला. २०१२ मध्ये हिनेब्राने त्याची ७ क्रमांकाची जर्सी समारंभपूर्वक निवृत्त केली. मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाओ पुढे त्याच वाटेने गेला. २०१४ मध्ये हौस म्हणून तोही पीबीएत खेळाडू-प्रशिक्षक झाला, २०१६ मध्ये सेनेटर झाला आणि २०२५ मध्ये पुन्हा उभा राहून पडला.

जावोर्स्कीला नावे ठेवणे सोपे आहे, आणि माझ्या मित्रमंडळींत मी ती ठेवतोही. पण ओकाम्पोबाईंची बातमी वाचली, त्या रात्री मला झोप लागली नव्हती, हे आता सांगायला हरकत नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्याच्या गावी असताना साहेबांनी मला खाते उघडण्याचा फॉर्म घेऊन एका पुढाऱ्याच्या वाड्यावर पाठवले होते. त्यांनी चहा पाजला, चष्मा लावला आणि गड्याच्या नावाने झोकदार सही ठोकली. गडी अंगणात गुरांना पाणी दाखवत होता. मी सतरंजीवर, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. शाखेत परत आल्यावर साहेबांनी फॉर्म पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि काही न विचारता पुढे सरकवला. फॉर्मच्या तळाशी ‘माझ्यासमक्ष सही केली’ अशी छापील ओळ होती. तिच्याखाली माझी सही आहे.