तार कुणाची, शब्द कुणाचा, तपासणी कुणाची?

जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बीएसएनएलला १.६४ लाख कोटी रुपयांचं पॅकेज मंजूर केलं. चर्चा झाली ती या आकड्याची. त्याच निर्णयात भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड ही कंपनी बीएसएनएलमध्ये विलीन करायचं ठरलं, त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. आमच्या मते खरी बातमी ती होती.

२०१२ मध्ये ही कंपनी स्थापन झाली ती ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्यासाठी आणि ते सगळ्या सेवा कंपन्यांना भेदभाव न करता वापरायला देण्यासाठी. तिचं काम घाऊक होतं. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांकडे जाणारी तार सांभाळणारा एक आणि त्या तारेवर धंदा करणारे दुसरे, असा त्यामागचा विचार. आता तार सांभाळणारा आणि तिच्यावर धंदा करणारा एकच झाला.

"दोन्ही सरकारीच, मग बिघडलं काय?" असं आमचेच काही साथी विचारतात. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली. आम्ही त्याच भूमिकेचे आहोत. पण मालकी सरकारी झाली म्हणजे नियमनाची गरज संपली, हा अर्थ त्यातून कुणी काढला?

जगात यावर एक उपाय वापरला गेला आहे, कार्यात्मक विभाजनाचा. कंपनी विकायची नाही, मालक बदलायचा नाही. फक्त तारेचा विभाग आणि विक्रीचा विभाग यांच्यात भिंत घालायची. ब्रिटनमध्ये २००५ साली बीटी या कंपनीने स्पर्धा आयोगाची चौकशी टाळण्यासाठी ऑफकॉम या नियामकाला तशी लेखी हमी दिली आणि ऑफकॉमने ती स्वीकारली. जानेवारी २००६ मध्ये ओपनरीच हा वेगळा विभाग सुरू झाला.

हमी स्वीकारताना नियामकाने काय पाहायचं असतं? गोड भाषा नाही. तारेच्या विभागातल्या साहेबांचा बोनस कुणाच्या नफ्यावर ठरतो? स्वतःच्या विक्री विभागाला आणि प्रतिस्पर्ध्याला एकच वस्तू, एकाच दरात, तितक्याच दिवसांत, त्याच संगणक यंत्रणेतून मिळते का? एका कंपनीची गुपितं दुसऱ्या खोलीत जातात का? आणि हे सगळं तपासणार कोण?

एवढं करूनही ओपनरीचवर बीटीचा प्रभाव उरलाच. २०१७ मध्ये बीटीला ओपनरीच कायद्याने वेगळी कंपनी करायला तयार व्हावं लागलं. त्याच वर्षी, इतर कंपन्यांना उशिरा जोडण्या देऊन नुकसानभरपाई कमी दिल्याबद्दल ऑफकॉमने बीटीला ४.२ कोटी पौंडांचा दंड ठोठावला. भिंत घातली तरी रोज बघावं लागतं, ती शाबूत आहे का.

आपल्याकडे बघा. २००४ मध्ये ट्रायने शिफारस केली होती की बीएसएनएल-एमटीएनएलच्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांनाही वापरायला मिळाव्यात. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात सरकारने ती सक्ती नाकारली आणि विषय कंपन्यांच्या आपसातल्या व्यावसायिक करारांवर सोडला. ज्याच्या हातात तार, त्याच्या मर्जीवर!

मर्जीवर सोडलेल्या कराराचं काय होतं, हे नाशिकला कुणी शिकवू नये. एप्रिल १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या रथावरून तडजोड झाली होती: दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा. ऐन वेळी सवर्ण मंडळींनी रथ पळवला. करार मोडल्याने त्यांचं काहीच जाणार नव्हतं.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. विभाजन ही खासगीकरणाची पायरी आहे, असं कामगार संघटना म्हणतात. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि २००७ मध्ये भिवंडीचं वितरण टोरंटकडे गेलं. ही भीती हवेतली नाही. म्हणूनच आमची मागणी कंपनी तोडण्याची नाही. बीएसएनएल सार्वजनिकच राहावी, पण तिच्या आत फायबरचे हिशेब वेगळे, अधिकारी वेगळे आणि सर्वांना समान अटी असाव्यात. ज्या खासगी कंपनीकडे एखाद्या गावात जाणारी एकमेव तार असेल, तिलाही हाच नियम लागू व्हावा.

आता तपासणीचं. ट्रायच्या सल्लामसलतीचे मसुदे बहुतांशी इंग्रजीत निघतात, मुदत काही आठवड्यांची असते, उत्तरं कंपन्यांचे वकील देतात. महावितरणच्या दरवाढीवर वीज नियामक आयोगाच्या जनसुनावण्या नाशिकमध्ये झालेल्या आहेत. तिथे शेतकरीही बोलतो, यंत्रमागवालाही बोलतो. मग दूरसंचाराची सुनावणी इथे का नको? ज्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज नेटवर्कअभावी अडकतो, तिचं म्हणणं हमी तपासताना कोण ऐकणार?

तारेच्या मालकाने स्वतःच्या ग्राहकाची जोडणी किती दिवसांत दिली आणि दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाची किती दिवसांत, हे आकडे दर तिमाहीला, तालुकावार, मराठीत जाहीर करावेत. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वरपासून सुरुवात करा. ट्रायच्या पुढच्या सल्लामसलतीत आम्ही हे लेखी मांडणार आहोत. आपापल्या ग्रामसभेत तसा ठराव घेऊन तोही पाठवा.