विश्लेषण : आफ्रिकेची सफारी भर पावसाळ्यात का करावी? ‘ऑफ सीझन’चे गणित नेमके काय?

केनिया-टांझानियाच्या सहलीची चौकशी केली की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : जुलै ते ऑक्टोबर या काळात जा, बाकीचे महिने ‘ऑफ सीझन’. महाराष्ट्रातील शाळांच्या सुट्ट्या मात्र या काळात नसतात. उन्हाळी सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी, दोन्ही पूर्व आफ्रिकेच्या पावसाशी जुळतात. त्यामुळे पावसातील सफारी ही फसवणूक की संधी, हा प्रश्न इथल्या कुटुंबांसाठी थेट खिशाचा आणि रजेचा आहे. उत्तर एका शब्दात देता येत नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या जंगलात, यावर ते अवलंबून आहे.

‘ग्रीन सीझन’ म्हणजे काय?

पर्यटन व्यवसायाने पावसाळ्याला दिलेले हे गोंडस नाव आहे. पूर्वी याच महिन्यांना ‘लो सीझन’ म्हटले जाई. नाव बदलले तरी ते अगदीच खोटे नाही. कोरड्या हंगामात पिवळी, धुळकट दिसणारी सव्हाना पाऊस पडताच काही दिवसांत हिरवी होते. झांबियाच्या लुआंग्वा खोऱ्यात याच काळाला ‘एमराल्ड सीझन’, म्हणजे पाचूचा हंगाम, म्हणतात. पण आफ्रिका हा एक देश नाही आणि तिथे एकच पावसाळा नाही, ही बाब जाहिरातीत हरवते. एप्रिलमध्ये केनियात धो धो पाऊस असतो, तेव्हा बोत्सवानात पाऊस संपत आलेला असतो.

पूर्व आफ्रिकेत पावसाळे दोन का?

विषुववृत्ताजवळ ढगांचा आणि पावसाचा एक पट्टा असतो. सूर्य उत्तर-दक्षिण सरकतो, तसा काही आठवड्यांच्या अंतराने हा पट्टाही त्याच्यामागे सरकतो. जून ते सप्टेंबरमध्ये तो उत्तरेला असतो, तेव्हा आपल्याकडे मान्सून असतो आणि मसाई मारा-सेरेंगेटीत तुलनेने कोरडे असते. डिसेंबर ते फेब्रुवारीत तो दक्षिणेला जातो, तेव्हा झांबिया, झिम्बाब्वे, बोत्सवानात पाऊस पडतो. विषुववृत्तावरचे केनिया आणि उत्तर टांझानिया मधोमध असल्याने पट्टा तिथून जाताना एकदा आणि परतताना एकदा बरसतो. मार्च ते मेचा मोठा पाऊस म्हणजे स्वाहिलीत ‘मसिका’ आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा छोटा पाऊस म्हणजे ‘वुली’. आपल्या मनातले जून ते सप्टेंबर हे पावसाळ्याचे वेळापत्रक तिथे लावले की सगळे नियोजन चुकते.

पावसात प्राणी दिसतच नाहीत?

हा आक्षेप अर्धा खरा आहे. कोरड्या हंगामात पाणी मोजक्या ठिकाणी उरते आणि प्राणी तिथे गोळा होतात. पाऊस पडला की जागोजागी डबकी भरतात, गवत वाढते आणि कळप पांगतात. टांझानियातील तारांगिरे उद्यान हे याचे ठळक उदाहरण. कोरड्या महिन्यांत तिथल्या नदीकाठी हत्तींचे मोठाले कळप असतात, पावसात ते उद्यानाबाहेरही पसरतात. म्हणून पावसाळ्यात तारांगिरेला प्राधान्य देण्यात अर्थ नाही. पण सिंहांचे कळप आपला इलाका सोडून जात नाहीत. गोरोंगोरोच्या विवरातील बरेच प्राणी वर्षभर तिथेच राहतात. शिवाय पाऊसही बहुधा कोकणातल्यासारखी दिवस दिवस झड लावत नाही. अनेकदा दुपारनंतर गडगडाटासह जोराची सर येते आणि सकाळची फेरी कोरडी मिळते. अर्थात मसिकाच्या ऐन भरात, एप्रिलमध्ये, याची खात्री कोणीही देऊ नये.

लाखो पिल्ले एकाच वेळी का जन्मतात?

सेरेंगेटीच्या स्थलांतराची ओळख जगाला मारा नदीतील मगरींच्या दृश्यांनी झाली. पण त्याच स्थलांतराचा दुसरा मोठा अध्याय पावसाशी जोडलेला आहे. वुलीच्या सरी पडल्या की विल्डबीस्टचे कळप दक्षिण सेरेंगेटी आणि गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रातील न्दुतूच्या मैदानांवर उतरतात. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या इथल्या मातीखाली कडक थर आहे. त्यात झाडांची मुळे सहसा खोल जात नाहीत, पण आखूड गवत जोमाने येते. या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असते, जे दूध पाजणाऱ्या मादीला हवे असते. जानेवारीअखेर ते मार्च या काळात, त्यातही फेब्रुवारीच्या आसपासच्या काही आठवड्यांत, बहुतेक माद्या विततात. एकाच वेळी इतकी पिल्ले आली की सिंह, तरस आणि चित्ते कितीही खाऊ लागले तरी बहुसंख्य पिल्ले वाचतात. जन्मल्यावर काही मिनिटांत पिल्लू उभे राहते. आखूड गवतामुळे हे सारे मैदानात उघड्यावर दिसते. नदी ओलांडण्याच्या दृश्यासाठी तासन् तास थांबूनही काही वेळा हात हलवत परतावे लागते. न्दुतूत तो जुगार बराच कमी आहे.

चातक आणि अमूर ससाण्याचा काय संबंध?

पक्षिनिरीक्षकांसाठी पावसाळा हाच खरा हंगाम आहे. युरोप आणि आशियातून आलेले हिवाळी पाहुणे याच महिन्यांत आफ्रिकेत असतात. सुगरण कुळातील नरांना विणीचे रंगही तेव्हाच चढतात. महाराष्ट्राशी यातल्या काहींचा थेट संबंध आहे. सैबेरिया आणि ईशान्य चीनमधून निघणारा अमूर ससाणा नागालँडमध्ये मुक्काम करून पुढे निघतो आणि लोणावळा परिसरातही काही वेळा दिसतो. मग अरबी समुद्र ओलांडून तो दक्षिण आफ्रिका खंडात पोहोचतो. तिथल्या पावसातील किडे हे त्याचे अन्न. उलट दिशेने, आपल्याकडे पावसाची वर्दी देणारा चातक आफ्रिकेतून येतो असे पक्षी अभ्यासक मानतात. हे पक्षी पाऊस टाळत नाहीत, पावसाच्या मागे जातात.

दक्षिणेकडील देशांत चित्र वेगळे कसे?

बोत्सवानात पाऊस सुरू होताच झेब्र्यांचे कळप चोबे नदीकडून दक्षिणेला न्हाय पॅनच्या गवताकडे चालू लागतात. जाऊन-येऊन सुमारे ५०० किलोमीटरचा हा प्रवास संशोधकांनी २०१४ मध्ये जगासमोर आणला. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगरमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इम्पालांची पिल्ले जन्मतात. झांबियातील लुआंग्वा नदी फुगली की काही ठिकाणी जीपऐवजी होडीतून सफारी होते, मात्र अनेक कॅम्प त्या काळात बंदही असतात. ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश तर कोड्यासारखा आहे. तिथले पुराचे पाणी अंगोलाच्या डोंगरांत पडलेल्या पावसाचे असते आणि शेकडो किलोमीटर वाहत येताना त्याला काही महिने लागतात. त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे स्थानिक पाऊस थांबलेला असताना, ओकावांगो सर्वाधिक भरलेला असतो. ‘पावसाळ्यात डेल्टा भरलेला दिसेल’ असे कोणी सांगत असेल, तर त्याला आणखी दोन प्रश्न विचारलेले बरे.

खर्च किती वाचतो?

कॅम्पच्या सवलती प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. पण मसाई माराचे प्रवेश शुल्क जाहीर आहे. जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर, तर जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर मोजावे लागतात. दोघांनी तीन दिवस काढले तर केवळ शुल्कात ६०० डॉलरचा, म्हणजे ५० हजार रुपयांहून अधिक फरक पडतो. यातली मेख लक्षात घ्यायला हवी. नोव्हेंबरमध्ये वुलीचा पाऊस असतो आणि बहुतेक कळप टांझानियाकडे परतलेले असतात, तरी शुल्क दुप्पटच राहते. शुल्काचे वेळापत्रक पावसाप्रमाणे चालत नाही. दिवाळीच्या सुट्टीत माराला जाणाऱ्याला म्हणूनच पाऊस मिळतो, पण स्वस्ताई मिळेलच असे नाही.

धोका किती?

२०२४ च्या मसिकाने याचे उत्तर दिले. मार्च ते मेदरम्यान केनियात पूर आणि दरडींनी दोनशेहून अधिक बळी घेतले. १ मे रोजी तालेक नदीने पात्र सोडले आणि मसाई मारातील अनेक कॅम्प पाण्यात गेले. पर्यटकांना होड्या आणि हेलिकॉप्टरमधून बाहेर काढावे लागले. नदीकाठचा तंबू हे कोरड्या हंगामातले आकर्षण असते, पावसात तीच जोखीम ठरते. माराच्या मोठ्या भागात विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी माती आहे. इंग्रजीत तिला तिकडेही ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ असेच म्हणतात. ओल्या काळ्या रानात गाडी रुतणे म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून पावसात मिनीव्हॅन नव्हे तर फोर-बाय-फोर गाडीच हवी. डासही वाढतात, त्यामुळे मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत डॉक्टरांशी बोलणे आवश्यक. केनियाला जाणाऱ्या भारतीयांनी पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विलगीकरणात बसण्याची वेळ येऊ शकते.

पाऊस आलाच नाही तर?

‘हिरव्या’ हंगामाची हमी निसर्ग देत नाही. २०२० च्या अखेरीपासून आफ्रिकेच्या शिंगात सलग पाच पावसाळे कोरडे गेले. केनिया सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार त्या वर्षी काही महिन्यांत दुष्काळामुळे २०५ हत्ती मेले. त्यानंतर २०२३ मध्ये एल निनो आणि ‘इंडियन ओशन डायपोल’ यांच्या एकत्रित परिणामाने वुलीत महापूर आले. ज्या पावसाला ‘ऑफ सीझन’ म्हणून नाक मुरडले जाते, तो चुकला की पुढच्या ‘पीक सीझन’मध्ये पाहण्यासारखे फार उरत नाही. ऑगस्टमधले पुष्ट कळप हे एप्रिलमधल्या गवताचे फळ असते.

ताडोबा बंद, मग मारा सुरू कसे?

पावसाळ्यात ताडोबाचे गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असते आणि पर्यटन बफर क्षेत्रापुरते उरते. पूर्व आफ्रिकेतील बहुतेक मोठी उद्याने वर्षभर सुरू असतात. त्यामागे अर्थकारण आहे. मसाई माराभोवतीच्या ‘कॉन्झर्व्हन्सी’ मसाई कुटुंबांच्या जमिनीवर उभ्या आहेत. कॅम्पचालक त्या जमिनीचे भाडे देतात आणि ते पर्यटकांच्या संख्येवर नव्हे, जमिनीच्या क्षेत्रावर ठरते. भाडे बारा महिने द्यायचे आणि पाहुणे चार महिने यायचे, हा ताळा बसवणे अवघड असते. दुसरीकडे त्या चार महिन्यांत नदीकाठी गाड्यांची इतकी दाटी होते की प्राण्यांचीच वाट अडते. जुलै २०२५ मध्ये सेरेंगेटीत गाड्यांतून उतरलेल्या पर्यटकांमुळे विल्डबीस्टचा मार्ग अडल्याची चित्रफीत जगभर फिरली होती. पर्यटक वर्षभरात विभागले गेले तर कॅम्पमधील कामगारांना काम आणि जनावरांना मोकळी वाट, दोन्ही मिळू शकते. मात्र ओल्या रानात रस्ता सोडून गाडी घालण्याचा आग्रह पर्यटकांनी धरू नये. त्या चाकोऱ्या महिनोन् महिने बुजत नाहीत.

मग मे महिन्याच्या सुट्टीत जावे का?

जावे, पण जागा बदलून किंवा तारीख सरकवून. मुलांना घेऊन मेमध्येच जायचे असेल तर क्रुगर किंवा बोत्सवाना अधिक शहाणपणाचे. तिथे पाऊस ओसरलेला असतो, हिरवाई थोडीफार उरलेली असते आणि हवा थंड होऊ लागते. मसाई माराच पाहायचे असेल तर जूनचा पहिला पंधरवडा धरावा. मसिका बहुतेक संपलेली असते, प्रवेश शुल्क ३० जूनपर्यंत १०० डॉलरच असते आणि राज्य मंडळाच्या शाळा साधारण जूनच्या मध्यावर सुरू होतात. विदर्भातील कुटुंबांना त्याहून थोडा अधिक अवधी मिळतो. नदी ओलांडणारे कळप तेव्हा दिसणार नाहीत, हे मात्र आधीच मान्य करायला हवे. शाळेचे बंधन नसलेल्यांनी, विशेषतः निवृत्तांनी, फेब्रुवारीतील न्दुतूचा विचार पहिल्यांदा करावा.

आरक्षणापूर्वी चार गोष्टी लेखी घ्याव्यात : कॅम्प नदीपासून किती उंचीवर आहे, गाडी कोणती, छोट्या विमानाचे उड्डाण रद्द झाल्यास पर्याय काय आणि पुरामुळे सहल मोडल्यास परतावा किती. छोट्या विमानात बहुधा १५ किलो सामानाचीच मुभा असते, हेही लक्षात ठेवावे. या प्रश्नांवर सरळ उत्तर न देता केवळ सवलतीचा आकडा पुढे करणारा विक्रेता हिरवा हंगाम विकत नाही, रिकाम्या खोल्या विकतो. सवलतीसाठी सफारीला जाणारा पहिल्या सरीतच हिरमुसेल. पाऊस हाच त्या रानाचा मुख्य प्रसंग आहे हे समजून जाणाऱ्याला मात्र कमी पैशांत, कमी गर्दीत, अधिक आफ्रिका पाहायला मिळेल.