कॅमेरा वस्तीत येतो तेव्हा

मैत्रिणींनो,

गेल्या दोन-तीन महिन्यांत आपल्या निरनिराळ्या गटांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आमच्याकडे आला. कुणी विचारलं, ‘माहितीपट करणारी दोन मुलं आली आहेत, घरेलू कामगारांवर फिल्म करायची म्हणतात, हो म्हणू का?’ कुणी विचारलं, ‘आमच्या बायकांच्या मुलाखती घेऊन गेले, फिल्म झाली असं ऐकतो, पण आम्ही ती पाहिलीच नाही. काय करायचं?’ बैठकीत यावर बोलायला बसलो तेव्हा सगळ्यांत जास्त वेळ मीच गप्प होते. त्या गप्प बसण्यामागे एक जुनी गोष्ट आहे. आज ती सांगितल्याशिवाय हे संपादकीय पुढे जाणार नाही.

एम.एस.डब्ल्यू. होऊन मला चार-पाच वर्षं झाली होती. ज्या वस्तीत मी काम करत होते तिथे तिघाजणांची एक छोटी फिल्म कंपनी आली. कौटुंबिक हिंसाचारावर माहितीपट करायचा होता. दिग्दर्शिका माझ्याच वयाची, बोलायला साधी, विषयाची जाण असलेली. मला मनापासून आनंद झाला. आपलं काम कुणीतरी पाहावं, चार लोकांपर्यंत जावं, असं कुठल्या कार्यकर्तीला वाटत नाही? मी घरोघर फिरून पाचसहा जणींना तयार केलं. संमतीपत्र इंग्रजीत होतं. ते मी मराठीत वाचून दाखवलं. वाचून कसलं, दोन मिनिटांत सारांश सांगितला. सगळ्यांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे उठवले. त्यातल्या एक ताई अतिशय मोकळेपणाने बोलल्या. नवरा, सासर, पोलीस चौकीतली वागणूक, सगळं. चेहरा झाकायचा का असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘मी काय चोरी केलीय?’ आम्ही टाळ्या वाजवल्या.

फिल्म झाली, महोत्सवांत गेली, तिचं कौतुक झालं. वर्षभराने आम्हाला एक लिंक मिळाली, पासवर्ड टाकून बघायची, खाली इंग्रजी अक्षरं. मी एकटीने लॅपटॉपवर पाहिली आणि ‘छान झालीय’ असं कळवून टाकलं. वस्तीत दाखवायचं राहून गेलं. पुढे सहा महिन्यांनी त्या फिल्मची दोन मिनिटांची जाहिरात फोनवर फिरू लागली. फिरत फिरत ती त्या ताईंच्या दिरापर्यंत गेली. ‘घरातलं सगळं वेशीवर टांगलंस’ म्हणून घरात जे व्हायचं ते झालं. ताई कित्येक महिने गटात आल्या नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, ‘ताई, मी नको म्हटलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं.’

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. त्यांनी संमती त्या कंपनीला दिलेली नव्हती, मला दिली होती. मीच त्यांच्या भांडणाच्या वेळी चौकीत बरोबर गेलेली, मीच वकील मिळवून दिलेला. मला नाही म्हणायची त्यांना सोय होती का? आपण ज्याला विश्वास म्हणतो त्यात सत्ताही असते, हे पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी ते मला खरोखर समजलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. दिग्दर्शिकेला फोन केला तेव्हा तिने ती जाहिरात दोन दिवसांत काढून टाकली. नंतर स्वतः आली, ताईंसमोर बसली, माफी मागितली. बोलताना कळलं की फिल्मसाठी मिळालेले पैसे अर्ध्यातच संपले होते. उरलेलं संकलन तिने दिवसा दुसऱ्यांच्या जाहिरातींचं काम करून रात्री पुरं केलं होतं. तेव्हा ‘फिल्मवाले येतात, आपल्या दुःखावर पैसे कमावतात’ हे जे आपण पटकन म्हणतो ते बहुतेक वेळा खरं नसतं. स्वतंत्रपणे माहितीपट करणाऱ्यांच्या हातात पैसा फारसा लागतच नाही. पण मिळतं काहीतरी नक्की: नाव, पुढच्या कामाची वाट. बायकांच्या हातात काय पडतं, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

मग दार बंद करायचं का? आमच्यापैकी काहीजणींचं मत तसं होतं. मला ते पटत नाही. कारण आपल्याच चळवळीत याहून वेगळं काही घडलेलं आहे आणि ते आपण विसरत चाललो आहोत.

१९८० साली बंगलोरमध्ये ‘युगांतर’ नावाचा एक फिल्म-गट सुरू झाला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेरा सांभाळणारे नवरोज काँट्रॅक्टर. १९८३ पर्यंत या गटाने चार फिल्म्स केल्या. पहिली ‘मोलकरीण’ (१९८१), आपल्या पुण्यातली. घरकाम करणाऱ्या बायका संघटित कशा झाल्या त्याची. दुसरी निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवरची, ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ (१९८२). तिसरी हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर केलेली ‘इदी कथा मात्रमेना’ (१९८३), म्हणजे ‘ही नुसती गोष्ट आहे का?’ आणि चौथी चिपको आंदोलनातल्या एका स्त्रीवरची ‘सुदेशा’ (१९८३). पहिल्या तिन्ही जेमतेम पंचवीस मिनिटांच्या आसपासच्या. निपाणीत हा गट आधी काही महिने बायकांचं ऐकत बसला आणि मग कॅमेरा सुरू झाला. हैदराबादची फिल्म तर घरातल्या छळाविषयीची कथा. ती संघटनेतल्या बायकांशी चर्चा करत करत रचली गेली. छळ सोसणाऱ्या एखाद्या बाईला कॅमेऱ्यापुढे बसवण्याऐवजी अनेकींचे अनुभव एका कथेत गुंफले. आज जो प्रश्न आपल्याला पडला आहे, त्याचं एक उत्तर या बायकांनी चाळीस वर्षांपूर्वी शोधून ठेवलं होतं!

दुसरं उदाहरण आपल्या घरचंच. सुमित्रा भावे. त्या मुळात समाजकार्यातल्या. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेल्या, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत दहा वर्षं शिकवलेल्या. पुढे ‘स्त्रीवाणी’च्या कामात वस्तीतल्या बायकांच्या जीवनाचा अभ्यास करताना त्यांना प्रश्न पडला की हे संशोधन ज्यांच्याविषयी आहे त्या ते वाचणार कशा? त्यातून ‘बाई’ ही छोटी फिल्म आली, १९८५ साली. फिल्म कशी करतात याचं कसलंही शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. पहिल्याच फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘पाणी’ आली, सायकल शिकणाऱ्या बाईची ‘चाकोरी’ आली आणि सुनील सुकथनकर यांच्याबरोबर ‘दोघी’पासून (१९९५) ‘अस्तु’, ‘कासव’, ‘दिठी’पर्यंत मोठे चित्रपट झाले. ‘विचित्र निर्मिती’ ही त्यांची छोटीशी संस्था मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहूनच काम करत राहिली. ‘कासव’ला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं. सुमित्राताई १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या. त्यांच्याविषयी लिहिताना सगळे पुरस्कारांपासून सुरुवात करतात. मला त्यांचा तो पहिला प्रश्न मोठा वाटतो: ज्यांची गोष्ट आहे त्यांच्याकडे ती परत कशी पोचवायची?

गेल्या पावसाळ्यात आम्ही वस्तीतल्या समाजमंदिरात ‘मोलकरीण’ दाखवली. बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेने ‘युगांतर’च्या फिल्म्स नव्याने दुरुस्त करून जतन केल्या आहेत, त्यामुळे चित्र स्वच्छ दिसतं. भिंतीवर चादर, उसना प्रोजेक्टर, पंचवीस-तीस बायका, मांडीवर पोरं. फिल्म पंचवीस मिनिटं चालली, बोलणं दीड तास. ‘पगाराचे आकडे बदलले, बोलणं तेच आहे,’ असं एक मावशी म्हणाल्या. एकीने विचारलं, ‘तेव्हा यांनी संप केला, मग आपल्याला रजा का मिळत नाही?’ मग २००८ च्या घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या कायद्यावर बोलणं निघालं. नोंदणी कुणाकुणाची झालीय, कुणाची संपलीय, याची यादी तिथेच झाली. आम्ही दहा पत्रकं वाटून जे झालं नसतं ते एका जुन्या फिल्मने केलं. त्या दिवशी ज्या ताईंची गोष्ट मी सांगितली त्याही आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, ‘अशी असती तर मी पुन्हा बोलले असते.’

‘अशी’ म्हणजे कशी, यावर आम्ही बैठकीत पुष्कळ भांडलो आणि काही गोष्टी ठरवल्या. त्या तुमच्यापुढे ठेवते.

पहिली, संमती एकदा नाही, दोनदा. चित्रीकरणाआधी आणि फिल्म जोडून झाल्यावर, पण बाहेर जाण्याआधी. संमतीपत्र मराठीत, किंवा त्या बाईची जी भाषा असेल तीत. आणि ते समजावताना आपली कार्यकर्ती त्या खोलीत नसावी. हे कलम माझ्या आग्रहाने आलं.

दुसरी, पहिला खेळ वस्तीत. महोत्सव नंतर.

तिसरी, फोनवर फिरणारे तुकडे आणि जाहिराती यांना वेगळी परवानगी. १९८१ साली फिल्म बघायची तर १६ एम.एम.चं यंत्र आणून, लोक जमवून, अंधार करून बघावी लागे. दाखवणारं माणूस समोर असे, प्रश्न विचारता येत. आज तीच प्रतिमा दिराच्या खिशात जाते. त्या वेळची ‘हो’ आजच्या फोनला पुरत नाही.

चौथी, बुडालेल्या दिवसाची मजुरी. यावर सर्वांत जास्त वाद झाला. ‘पैसे दिले की बाई त्यांना हवं तेच बोलेल,’ असं काहीजणींचं म्हणणं. पण दिवसभर काम सोडून बसणाऱ्या बाईची मजुरी बुडते हे खरं आहे, आणि कॅमेरामनचा दिवस फुकट धरला जात नाही. मजुरी द्यावी, गोष्टीची किंमत करू नये, असं ठरलं.

आता आपण काय मागायचं नाही तेही सांगते. फिल्ममध्ये आपल्या संघटनेवर टीका असेल तर ती काढा असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. बाईने आपल्याविषयी कडू बोललं असेल तर ते ऐकायचं. आपण सेन्सॉरशी भांडलेले लोक आहोत. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या वेळी भारतीय माहितीपटांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची अट घालण्याचा प्रयत्न झाला. फिल्म करणारे एकत्र आले, अट मागे घ्यावी लागली, तरी अनेक फिल्म्स नाकारल्या गेल्या. तेव्हा त्यांनी ‘विकल्प’ नावाने शेजारीच आपला महोत्सव भरवला. त्या बाजूने उभं राहायचं आणि आपल्या वस्तीत स्वतःच सेन्सॉर बोर्ड व्हायचं, हे जमणार नाही. बाईला स्वतःविषयीचा भाग काढायला लावण्याचा अधिकार आहे. आपल्याला नाही.

आणि शेवटी आपल्या जबाबदारीचं. आपण स्त्रियांच्या श्रमाच्या मोबदल्याविषयी बोलतो, पण फिल्म मात्र कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर उतरवून घेतो आणि शिबिरात फुकट दाखवतो. ती करणारीही बहुतेकदा एक बाईच असते, कर्जात असते. या वर्षापासून आमच्या गटाने ठरवलं आहे की दर खेळामागे वर्गणी काढून, थोडी का होईना, रक्कम फिल्म करणाऱ्यांना पाठवायची, आणि चर्चेत बायका काय बोलल्या ते लिहून कळवायचं. टाळ्या त्यांना महोत्सवात मिळतात. वस्तीतल्या मावशीने काय विचारलं हे त्यांना फक्त आपणच कळवू शकतो.

त्या ताई आता पुन्हा गटात येतात. त्यांनी त्या मूळ फिल्मचं काय करायचं हे अजून ठरवलेलं नाही. दिग्दर्शिकेने त्यांचा भाग काढून टाकायची तयारी दाखवली आहे. ताई म्हणतात, ‘बघू, आधी मला सगळ्यांबरोबर बसून एकदा पाहू दे.’ पुढच्या महिन्यात तो खेळ आहे, चादरीवरच. मराठी अक्षरं आम्ही स्वतः लिहून दिली आहेत. त्यानंतर त्या जे म्हणतील ते होईल, आणि त्या वेळी मी खोलीबाहेर असेन.

तुमच्या गटांचे अनुभव, बरे-वाईट दोन्ही, जरूर लिहून पाठवा. या चार कलमांत कुठे चुकलं असेल तर तेही सांगा.