किल्ल्या कोणी दिल्या?

#थ्रेड

१/ परदेशातील कारखान्याकडून माल बनवून घ्यायचा, आणि काही वर्षांनी त्याच कारखान्याचा तसाच माल बाजारात दिसला की ओरड करायची: ‘आशियाई लोकांनी नक्कल मारली!’ ही ओरड इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. श्विन या अमेरिकन सायकल कंपनीची कहाणीच पाहा.

२/ इग्नाझ श्विन या जर्मन स्थलांतरिताने १८९५ मध्ये शिकागोत ही कंपनी उभारली. अमेरिकेच्या कित्येक पिढ्या तिच्या सायकलींवर तोल सावरायला शिकल्या. १९८० मध्ये शिकागोच्या कामगारांनी संप केला. संपाच्या काळात व्यवस्थापनाने काम तैवानच्या ‘जायंट’कडे वळवले.

३/ जायंट १९७२ मध्ये स्थापन झालेली, इतरांच्या नावाने सायकली बनवणारी कंपनी. श्विनने तिला केवळ मागणी नोंदवली नाही. अभियंते आणि उत्पादनाचे तंत्रही पुरवले. १९८३ मध्ये शिकागोचा कारखाना बंद झाला. तोवर तैवानचे हात तयार झाले होते.

४/ १९८७ मध्ये श्विनने आणखी स्वस्त मालासाठी चीनमधील शेन्झेनच्या एका कंपनीशी भागीदारी केली. ज्याला विद्या दिली, त्यालाच वाऱ्यावर सोडण्याचा हा बेत. जायंट स्वतःच्या नावाच्या सायकली घेऊन थेट अमेरिकेच्या बाजारात उतरली. १९९२ मध्ये श्विनने दिवाळखोरी जाहीर केली.

५/ यात चोरी कुठे आहे? कुलूप कोणी फोडले नाही. किल्ल्या मालकानेच दिल्या. आराखडा तिजोरीत ठेवता येतो. पण सांधा कुठे कच्चा राहतो, नळी किती तापवावी, हे ज्ञान काम करणाऱ्या हातात मुरते. काम गेले की तेही जाते.

६/ पेटंटची आणि व्यापारचिन्हांची उघड चोरी होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक पराभवाला ‘चोरी’ म्हटले की मालकाचा निर्णय झाकला जातो, आणि त्या निर्णयाची किंमत मोजणारा शिकागोचा कामगारही.

७/ राहिला ‘नक्कल हा आशियाई स्वभाव’ हा आरोप. कुशल कारागिरांनी देश सोडण्यास इंग्लंडच्या कायद्याने बंदी असताना सॅम्युएल स्लेटर १७८९ मध्ये आर्कराइटच्या सूतकताई यंत्रांची रचना डोक्यात साठवून अमेरिकेस गेला. मायदेशी तो ‘गद्दार’ ठरला. अमेरिकेत ‘उद्योगाचा जनक’!

८/ आणि भारत? १८६६ मध्ये जॉन फोर्ब्स वॉटसनने भारतीय कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवले. अशा २० संचांपैकी १३ ब्रिटनमध्ये ठेवले गेले. हेतू लपवलेला नव्हता: तिथल्या गिरण्यांनी भारतीयांच्या पसंतीचे कापड विणावे आणि इथे विकावे. ज्यांच्या मागावर ते नमुने विणले गेले, त्यांची परवानगी कोणी विचारली होती?

९/ बलवानाने उचलले तर उद्योजकता आणि दुर्बळाने शिकून घेतले तर चोरी, असा दुटप्पी न्याय इतिहासाच्या अभ्यासकाने स्वीकारू नये. कारखाना परदेशी हलवणारा मजुरी वाचवतो, हे खरे. पण सोबत आपली पुढची पिढी काय शिकणार, हेही तो विकून टाकतो. नंतर ‘चोर, चोर’ म्हणून ओरडण्याआधी त्याने त्या विक्रीची पावती तपासावी. तिच्यावर सही त्याचीच असते.