अध्ययनशैलीचे प्रशिक्षण आणि पोडावरचा वर्ग

यवतमाळ : पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकविणाऱ्या सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्यांना त्यासाठी दोन वर्षांची मुदत घालून देण्यात आली. या परीक्षेच्या १५० गुणांपैकी ३० गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राचे असतात. त्यामुळे पंधरा-वीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या गुरुजींवरही मूल कसे शिकते याची उत्तरे नव्याने पाठ करण्याची वेळ आली.

या विषयाच्या तयारीत हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडलेला बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत भेटतो आणि त्याच्या शेजारीच ‘अध्ययनशैली’ हा शब्दही. काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, तर काही प्रत्यक्ष करून; तेव्हा ज्याची जी शैली असेल तसा पाठ त्याला द्यावा, अशी ही मांडणी. ती ऐकताक्षणी पटते. संगणकाच्या प्रशिक्षणाशीही ती सहज जुळते, कारण चित्रफीत, ध्वनिफीत आणि बोटाने खेळावयाचा खेळ अशी तिन्ही शैलींची सोय एकाच पडद्यावर होते.

पुराव्याच्या कसोटीवर मात्र ही मांडणी टिकलेली नाही. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा शैलीनुसार शिकविल्याने अधिक शिकता येते असे सिद्ध करणारा पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. खुद्द गार्डनर यांनी २०१३ मध्ये, आपला सिद्धांत म्हणजे अध्ययनशैली नव्हे, असा जाहीर खुलासा केला. अनुभवी शिक्षकाला हे नवे वाटू नये. नकाशा वर्गातील साऱ्यांनीच पाहावयाचा असतो आणि कविता साऱ्यांनीच ऐकावयाची असते. साधन ठरते ते पाठावरून, मुलाच्या अंगावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून नव्हे.

यवतमाळ जिल्ह्यात ही चिठ्ठी विशेष दिशाभूल करणारी ठरू शकते. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत. महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी कोलाम ही एक. त्यांची कोलामी द्राविड कुळातील, म्हणजे तेलुगू आणि गोंडीच्या नात्यातील भाषा. पुसद-दिग्रसकडील तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. शाळेचे पुस्तक मात्र प्रमाण मराठीत.

कोलामीत पुरुषवाचक नामे एका गटात आणि स्त्रिया, जनावरे, वस्तू अशी बाकी सारी नामे दुसऱ्या गटात पडतात. मराठीत तीन लिंगे. फळा ‘तो’, पाटी ‘ती’ आणि पुस्तक ‘ते’ का, याला उत्तर नाही. पहिलीतील मूल ‘ती फळा’ म्हणते तेव्हा ते आपल्या घरच्या व्याकरणाला धरूनच चुकत असते. उच्चारांचेही तसेच. ख, घ, फ, भ ही महाप्राण व्यंजने अस्सल कोलामी शब्दांत नाहीत. मग ‘फळ’ आणि ‘पळ’, ‘खडक’ आणि ‘कडक’ यांतील भेद त्या कानाला सवयीने होईपर्यंत जाणवेलच असे नाही. हे ठाऊक नसलेला शिक्षक श्रुतलेखनाची वही तपासून मुलाची श्राव्य शैली कच्ची असल्याचा निष्कर्ष काढून मोकळा होईल आणि त्याला अधिक चित्रे दाखवील. वास्तविक त्या मुलाला नेमके उलट हवे असते : हे दोन शब्द पुन्हा पुन्हा, शेजारी-शेजारी ऐकायला आणि म्हणायला.

त्यासाठी लागणारे यंत्र शिक्षकाच्या खिशातच असते. मोबाईलवर शब्दांच्या अशा जोड्या ध्वनिमुद्रित करून ठेवणे, मुलाचा उच्चार त्यालाच ऐकविणे, पोडावरील आजीकडून एखादी गोष्ट कोलामीत नोंदवून ती वर्गात मराठीशी ताडून पाहणे, याला ना स्मार्ट बोर्ड लागतो ना अखंड इंटरनेट.

तंत्रज्ञान प्रशिक्षणाची आजवरची वाटचाल मात्र यंत्राकडून वर्गाकडे झाली आहे. २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे शिक्षकांनीही त्याचे प्रमाणपत्र मिळविले. त्यात संगणक हाताळणे, पत्र टंकणे, तक्ते करणे होते. कार्यालयाला ते उपयोगी होतेच. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ आले, २०१९ मध्ये ‘निष्ठा’ प्रशिक्षण सुरू झाले आणि वर्षभरात तेही ऑनलाइन झाले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा या कोडचे कौतुक सर्वत्र झाले. कमी बोलले गेले ते हे की, डिसले यांनी पुस्तकांचा मजकूर आधी मुलींच्या घरच्या कन्नड भाषेत नेला होता. कोड त्यानंतरचा.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये, शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सुचविले. पोडावरच्या शाळा बहुधा दोनशिक्षकी. एक जण प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्यावर साऱ्या इयत्ता येतात. ऑनलाइन असेल तर शाळा सुटल्यावर, जेथे रेंज मिळेल तेथे बसून ते पूर्ण करावे लागते. एवढी किंमत मोजून मिळणाऱ्या तासांत आणखी एक ॲप शिकावयाचे की कोलामी व गोरमाटीची तोंडओळख करून घ्यावयाची, याची निवड जिल्हा पातळीवर होऊ शकते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था यवतमाळातच आहे आणि या भाषा बोलणारे शिक्षित तरुणही याच जिल्ह्यात आहेत. पाच-सहा तासांच्या अशा वर्गासाठी साधनव्यक्ती बाहेरून आणावी लागणार नाही.